इटलीची शहरं, आपली आपण : मुक्काम, तिकिटं आणि थोडं कोल्हापूर

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की दोन विषय हमखास निघतात. एक मुलांची पीएसएलई आणि दुसरा, "या सुट्टीत कुठे?" दुसऱ्या प्रश्नाला अलीकडे 'इटली' हे उत्तर बऱ्याचदा ऐकू येतं. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "टूरबरोबर की आपले आपण?"

मुंबईहून निघणाऱ्या ग्रूप टूर्सबद्दल आमची काही तक्रार नाही. सोबतीला मराठी माणसं, संध्याकाळी वरण-भात, आणि पासपोर्टपासून बॅगेपर्यंत सगळी काळजी दुसऱ्याला. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या ज्येष्ठांना हे बरंच पडतं. पण पहाटे साडेसहाला बसमध्ये बसायचं, हॉटेल शहराबाहेर हमरस्त्याला लागून, आणि रोम कधी पाहिलं हे फोटो बघून आठवायचं, हे सगळ्यांना मानवत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन जायचं असेल तर तिच्या चालीने चालता आलं पाहिजे आणि दुपारी तासभर आडवं होता आलं पाहिजे. त्यासाठी मुक्काम शहरातच हवा. आम्ही मंडळातली चार-पाच कुटुंबं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वयाची माणसं घेऊन तिकडे जाऊन आलो. त्या सगळ्यांच्या वह्या एकत्र करून हा लेख लिहिला आहे. भाव दिलेत ते साधारण २०२५ सालचे आहेत, निघण्याआधी एकदा ताडून पाहा. एक युरो म्हणजे ढोबळ मानाने दीड सिंगापूर डॉलर, एवढं डोक्यात ठेवलं की हिशेब पटकन होतो.

आधी कॅलेंडर आणि कागद

शाळेत जाणारी मुलं असली की आपल्या हातात चारच सुट्ट्या असतात. त्यातली जूनची चार आठवड्यांची सुट्टी सगळे धरतात आणि तीच इटलीसाठी सर्वांत महाग, गर्दीची आणि उन्हाची. रोममधलं जूनचं ऊन आपल्या सिंगापूरच्या घामापेक्षा वेगळं, कोरडं आणि भाजणारं असतं. आमचं मत विचाराल तर वर्षअखेरची सुट्टी घ्या. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत खोल्या स्वस्त असतात, रांगा आखूड असतात आणि नाताळची रोषणाई नुकतीच लागलेली असते. उणी बाजू अशी की पावणेपाचच्या सुमारास अंधार पडतो, पाऊस येतो आणि चांगले कोट लागतात. व्हेनिसला या दिवसांत भरतीचं पाणी चौकात शिरायचं, पण ३ ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेले 'मोझे' नावाचे हलते बांध मोठी भरती आली की वर उचलतात. त्यामुळे तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

घरात पासपोर्ट दोन रंगांचे असतील तर तयारीही दोन तऱ्हांची. सिंगापूरचा पासपोर्ट असलेल्यांना शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर पीआर असा, ईपीवर असा, व्हिसा लागतोच. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५ युरो आहे. सहाच्या आतल्यांना फी नाही. किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंटच मिळत नाही अशी वेळ सुट्टीच्या तोंडावर येते, म्हणून लवकर हालचाल करा.

आई-बाबा सोशल व्हिजिट पासवर इकडे आलेत आणि इथूनच व्हिसा काढू, असं पुष्कळांच्या मनात असतं. नियम असा आहे की माणूस जिथे कायदेशीर वास्तव्याला आहे तिथे अर्ज करतो. म्हणजे त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच तिकडे अर्ज करायचा आणि व्हिसा घेऊनच सिंगापूरला यायचं. हे वेळेवर कळलं नाही तर सगळ्यांची विमानाची तिकिटं अडकून बसतात. अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे खोल्या आधी ठरवणं भागच असतं. फुकट रद्द करता येईल असं बुकिंग घ्या, भले चार युरो जास्त पडोत. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, हे विमानतळावरून पुढची गाडी धरताना लक्षात ठेवा.

डोक्यावर छप्पर

रोममध्ये स्वस्त खोली म्हटलं की सगळे टर्मिनी स्टेशनकडे बोट दाखवतात. स्टेशनचा परिसर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते थोडंफार तिथेही आहेच, पण घाबरण्यासारखं काही नाही. मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही लाइन इथे मिळतात, विमानतळाची गाडी इथे येते, आणि सामान घेऊन पायपीट होत नाही. स्टेशनच्या दक्षिणेचा भाग म्हणजे एस्क्विलिनो. तिथल्या पियाझ्झा व्हित्तोरिओजवळच्या झाकलेल्या मंडईत गेलात तर टेक्का मार्केटची आठवण येईल. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी, डाळी, बासमती, सगळं हारीने मांडलेलं, आणि विकणारे बरेचसे बांगलादेशी. आपलं मोडकंतोडकं हिंदी तिथे इंग्रजीपेक्षा जास्त चालतं. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर खिचडीची सोय झालीच म्हणून समजा. चौघांचं एका वेळचं बाहेरचं जेवण वाचलं की साठ-सत्तर युरो सुटतात, शिवाय बाबांचं पोट जागेवर राहतं. रविवारी मात्र मंडई बंद.

स्टेशनजवळ नको वाटलं तर व्हॅटिकनच्या बाजूचा प्राती हा भाग पाहा. रुंद, सरळ रस्ते, रात्री शांत, मेट्रो ए जवळ. भाव थोडे चढे. अगदी जुन्या गावात, पँथेऑनच्या आसपास राहणं सुरेख खरं, पण तिथे मेट्रो नाही आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे शिक्षा आहे.

आता खोली निवडताना काही गोष्टी. इटलीत 'मात्रिमोनियाले' म्हणजे एक मोठा पलंग, 'दोप्पिया' म्हणजे दोन वेगळे पलंग. दोन मैत्रिणी किंवा बाप-लेक जाणार असतील तर पहिला शब्द पाहून घ्या, नावातच लग्न आहे! 'त्रिप्ला' तिघांची आणि 'क्वाद्रुप्ला' चौघांची खोली. चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्यांपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. दुसरं म्हणजे मजला. सिंगापुरात आपण जमिनीवरच्या मजल्याला लेव्हल वन म्हणतो. इटलीत मात्र आपल्या पुण्या-मुंबईसारखा तळमजला वेगळा आणि त्याच्या वरचा पहिला. म्हणजे 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' असं लिहिलेलं असेल तर ते एचडीबीच्या हिशेबात चौथा मजला. त्यात जुन्या इमारतींच्या छतांची उंची आपल्या घरांच्या दीडपट, म्हणजे जिने त्या मानाने लांब. लिफ्ट आहे का, हे 'हो-नाही' वर न सोडता लेखी विचारा. लिफ्ट असली तरी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते, आणि कधीकधी तिच्याआधी पाच-सहा पायऱ्या असतातच.

हिवाळ्यात जाणार असाल तर हीटिंगचंही विचारा. इटलीत इमारती किती तारखेपासून आणि दिवसाला किती तास तापवायच्या, हे प्रदेशानुसार कायद्याने ठरलेलं आहे. रोम आणि फ्लोरेन्सला ते साधारण १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. ऑक्टोबरच्या शेवटी गारठा पडला तरी रेडिएटर गारच असू शकतो, आणि मालक खोटं बोलत नसतो. आम्ही प्रत्येकासाठी एक पातळ शाल नेतो.

अपार्टमेंट किंवा घरगुती बी-अँड-बी घेताना एक खूण पाहा. १ जानेवारी २०२५ पासून अशा प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळख क्रमांक असणं सक्तीचं आहे. त्याला 'चिन' म्हणतात. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दारावर असायला हवा. नसेल तर दुसरी जागा शोधा. पासपोर्ट दाखवायला सांगतील तेव्हा दचकू नका, प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं मालकाला बंधनकारक आहे. आणि विमान सकाळी उतरलं तरी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. हॉटेलवाले बॅगा ठेवून घेतात, अपार्टमेंटमध्ये ती सोय बहुधा नसते. रात्री उशिरा पोचणाऱ्यांकडून काही मालक वेगळे वीस-तीस युरो घेतात. आमच्यातल्या एका कुटुंबाला एका मालकाने निघायच्या दोन दिवस आधी 'नळ फुटला' म्हणून कळवलं होतं. पैसे परत मिळाले, पण त्या भावात दुसरी जागा मिळाली नाही. म्हणून वडीलधारी माणसं बरोबर असतील तर पहिल्या दोन रात्री तरी साध्या हॉटेलात काढाव्यात, असं आमचं आता मत झालं आहे.

आणि सांगितलेल्या भावात नसलेला एक खर्च, शहराचा कर. माणशी, रात्रीगणिक, आणि बहुतेक वेळा तिथे गेल्यावर द्यायचा. रोममध्ये तीन तारांच्या हॉटेलला ऑक्टोबर २०२३ पासून तो माणशी ६ युरो आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना माफ. चार मोठी माणसं, चार रात्री, म्हणजे ९६ युरो झाले की! जवळजवळ दीडशे डॉलर. बजेटमध्ये हे आधीच धरा, काउंटरवर वाद घालून उपयोग नाही.

रोमचं भक्तनिवास

शेगाव, शिर्डी, पंढरपूरला गेलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळेल. रोम हे मुळात यात्रेचं गाव. पोप आठवे बोनिफेस यांनी सन १३०० मध्ये पहिलं ज्युबिली वर्ष जाहीर केलं, तेव्हापासून ठरावीक वर्षांनी तिथे वारी भरते म्हणा ना. १५५० च्या ज्युबिलीत फिलिप नेरी या साधूपुरुषाच्या मंडळीने गरीब यात्रेकरूंची राहण्या-जेवण्याची सोय करायला सुरुवात केली. ती परंपरा आजही आहे. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, सगळीकडे ननांच्या आणि साधूंच्या मठांतून पाहुण्यांसाठी खोल्या असतात. तुमचा धर्म कोणी विचारत नाही.

खोली स्वच्छ आणि साधी. दोन वेगळे पलंग, भिंतीवर क्रूस, बहुतेक ठिकाणी जोडून न्हाणीघर, टीव्ही नाही. सकाळी पाव, लोणी, जॅम आणि कॉफी. रात्री साडेदहा-अकराला दार बंद होतं, ते खरंच बंद होतं. ज्यांना रात्री भटकायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये. आपल्या ज्येष्ठांना मात्र हे वातावरण फार आवडतं असा अनुभव आहे. आत बाग असते, शांतता असते, आणि कोणीतरी वडीलधारी नन भाषा येत नसताना हाताने विचारते, "जेवलात का?" हॉटेलपेक्षा निम्म्या किमतीत पडेल असं समजू नका, फरक तेवढा नसतो. पण मठ बहुधा मोक्याच्या जागी असतात, त्या जागेला त्या भावात हॉटेल मिळत नाही. मठाला थेट ई-मेल करायची, साध्या छोट्या वाक्यांत, आणि उत्तराला चार दिवस द्यायचे. २०२५ हे ज्युबिली वर्ष होतं, त्यामुळे त्या वर्षी जागा मिळणं अवघड होतं. ६ जानेवारी २०२६ ला ते संपलं.

व्हेनिसला कुठे राहावं?

या प्रश्नावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटणार नाहीत. एक पक्ष म्हणतो मेस्त्रेला राहा. मेस्त्रे म्हणजे पुलाअलीकडचं, जमिनीवरचं व्हेनिस. खोल्या स्वस्त, स्टेशनसमोर हॉटेलांची रांग, आणि गाडीने दहा-बारा मिनिटांत बेटावर. भाडं दीड युरोच्या आसपास. दुसरा पक्ष म्हणतो, व्हेनिस पाहायचं ते सकाळी सात आणि रात्री नऊनंतर, दिवसाची गर्दी गेल्यावर. एक रात्र तरी बेटावर काढा. तडजोड अशी की मोठ्या बॅगा घेऊन बेटावर जाऊ नका. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत. बेटावर राहायचंच तर सांता लुचिया स्टेशनजवळ किंवा बोटीच्या थांब्याला लागून जागा घ्या, आणि 'वाटेत किती पूल' हे मालकाला विचारा. हा प्रश्न तिथे कोणाला विचित्र वाटत नाही.

एप्रिल २०२४ पासून व्हेनिसमध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागतं. २०२५ मध्ये ते आधी भरलं तर ५ आणि ऐनवेळी भरलं तर १० युरो होतं. व्हेनिसच्या नगरपालिका हद्दीत मुक्काम असणाऱ्यांना ते माफ आहे, आणि मेस्त्रे त्याच हद्दीत येतं. माफी असली तरी नोंद करून कोड घ्यावा लागतो. पादुआला राहिलात तर खोली आणखी स्वस्त, पण मग ही माफी नाही.

फिरायचं कसं

इथे आपल्याला सवय आहे ती कार्ड टेकवून आत आणि कार्ड टेकवून बाहेर. रोमच्या मेट्रोत फक्त आत जाताना टेकवायचं, मिलानच्या मेट्रोत बाहेर पडतानाही. दोन्हीकडे आपलं नेहमीचं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. इथल्यासारखंच एका माणसाला एक कार्ड, एकाच कार्डावर घरभर जाता येत नाही. रोमचं साधं तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालतं. त्यात बस-ट्राम कितीही बदला, मेट्रोप्रवास मात्र एकच. मेट्रोचं जाळं आपल्या एमआरटीच्या मानाने लहानसं आहे, कारण जरा खणलं की जमिनीतून काहीतरी प्राचीन निघतं आणि काम थांबतं. सी लाइनचं कोलोसियमजवळचं स्टेशन असंच रखडत अखेर १६ डिसेंबर २०२५ ला उघडलं. खणताना सापडलेल्या वस्तू तिथेच मांडून ठेवल्या आहेत, म्हणजे दीड युरोत संग्रहालय झालं.

विमानतळावरून शहरात यायचे तीन-चार मार्ग आहेत. लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत थेट टर्मिनीला, माणशी १४ युरो. साधी लोकल ८ युरोंत, पण ती टर्मिनीला जात नाही, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. बस सात-आठ युरोंत, ट्रॅफिक असेल तसा वेळ. आणि पांढरी अधिकृत टॅक्सी, जुन्या तटबंदीच्या आत कुठेही ५५ युरो, सामानासकट, माणशी नव्हे तर गाडीचे. आता हिशेब करा. चार मोठी माणसं एक्सप्रेसने ५६ युरो देऊन स्टेशनपर्यंत पोचणार आणि पुढे बॅगा ओढणार, टॅक्सी दारात सोडणार ५५ मध्ये. दोघंच असाल तर गाडी, एकटे असाल तर बस. आत येऊन "टॅक्सी? टॅक्सी?" विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका, बाहेरच्या रांगेतच उभं राहा.

शहरांमधला प्रवास आगगाडीनेच करावा. वेगवान गाड्या दोघांच्या, सरकारी ट्रेनइतालियाच्या आणि २०१२ पासून खासगी इतालोच्या. स्पर्धेमुळे भाव विमानासारखे हलतात. रोम-फ्लोरेन्स दीड तासाचा प्रवास, महिना-दोन महिने आधी वीस-तीस युरोंत मिळतो आणि त्याच दिवशी तिकीट काढलं तर पन्नासच्या पुढे जातो. स्वस्त तिकीट त्याच गाडीचं असतं, गाडी चुकली की पैसे गेले. म्हणून विमान उतरतं त्याच दिवसाचं असं तिकीट घेऊ नका. प्रादेशिक गाड्यांचं उलट. भाव ठरलेला, आधी घेऊन काही वाचत नाही, आणि रोम-फ्लोरेन्सला साडेतीन-चार तास लागतात. पण खिडकीतून दिसतं छान.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात खोचून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. तिकीट खरेदी केलं म्हणजे प्रवासाचा हक्क आला, ही आपली समजूत. तिथे शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड तिकिटाच्या कितीतरी पट. तपासनीस भला असला तरी पर्यटकांची ही सबब त्याने दिवसातून दहा वेळा ऐकलेली असते. बसमध्येही तसंच, चढल्या चढल्या यंत्रात तिकीट घालायचं. फोनवरच्या तिकिटाला काय करायचं ते तिकिटावरच लिहिलेलं असतं.

फलाटावरच्या पाटीवर फ्लोरेन्स शोधू नका, 'फिरेंझे' शोधा. व्हेनिस 'व्हेनेत्सिया'. 'पार्तेंझे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर. आणि 'शोपेरो' हा शब्द दिसला की कान टवकारा, तो संप. इटलीत संप आधी जाहीर करून होतात, बहुधा शुक्रवारी, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडणं बंधनकारक असतं. आठवडाभर आधी तारखा पाहिल्या तर नाटकी प्रसंग येत नाही.

व्हेनिसमध्ये बस म्हणजे बोट, 'व्हापोरेत्तो'. एका फेरीचं तिकीट तब्बल साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. चोवीस तासांचा पास २५ युरोंचा. दिवसात तीन वेळा बसणार असाल तर पास घ्या, नाहीतर चाला. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून रमतगमत जाते, संध्याकाळी पुढची जागा मिळाली तर गोंडोल्याची हौस तिथेच फिटते. न फिटल्यास 'त्राघेत्तो' आहे. तीही गोंडोलाच, फक्त कालवा ओलांडून सोडते, दोन युरोंत.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार शहरांपुरता सोडून द्या. रोम, फ्लोरेन्स आणि बहुतेक जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. हद्दीवर कॅमेरे असतात. आपल्याला १९९८ पासून ईआरपीची सवय, कमानीखालून गेलं की पैसे कापले गेले, विषय संपला. तिकडची कमान पैसे घेऊन आत सोडत नाही, दंडच करते. प्रत्येक वेळी शिरलात की वेगळा, आणि तो काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीच्या शुल्कासह सिंगापूरच्या पत्त्यावर येतो.

आणि हो, हॉकर सेंटरमध्ये टेबल 'चोप' करायला आपण टिश्यूचं पाकीट ठेवतो, काही शूर लोक फोनही ठेवतात. रोममध्ये तसं करू नका. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पाठीवरची बॅग पोटावर घ्यायची, एवढं पुरतं.

फ्लोरेन्समधलं कोल्हापूर

फ्लोरेन्स हे पायी फिरण्याचं गाव. विमानतळावरून ट्राम थेट स्टेशनपर्यंत येते, पुढे सगळं वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीत. पण एका ठिकाणासाठी आवर्जून वाट वाकडी करा, आणि ते ठिकाण टूरच्या यादीत सहसा नसतं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. वय वीस. त्यांची त्या प्रवासातली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. परतीच्या वाटेवर ते फ्लोरेन्सला थांबले असताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच वारले. शहरात हिंदू पद्धतीने दहन करण्याची रीत नव्हती. परवानगी काढावी लागली. शेवटी कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने ओढा आर्नो नदीला मिळतो त्या संगमावर, दहन झालं. पुढे काही वर्षांतच तिथे छत्री उभारली. खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला. छत्रीचं काम चार्ल्स मँट यांचं. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला तेच हे मँट. फ्लोरेन्सचे लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात, आणि शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाचं नावही तेच आहे. त्यातल्या कितीजणांना कोल्हापूर माहीत आहे कोण जाणे.

जायचं असं : स्टेशनजवळून टी१ ट्राम, 'कास्चिने' थांब्यावर उतरायचं, आणि नदीकाठाने बागेतून सरळ पश्चिमेला चालत राहायचं. पाऊण तास धरा. वाट सपाट आणि झाडांतून आहे. ज्येष्ठांना टॅक्सीने टोकापर्यंत न्या आणि टॅक्सी थांबवून ठेवा, कारण तिथून परत मिळत नाही. अंधार पडायच्या आत परत फिरा. मुलांना 'हा कोण?' हे तिथे उभं राहून सांगता येतं, ते घरी सोफ्यावर सांगून कळत नाही.

रोमहून एक दिवस मोकळा असेल तर कासिनोला जा. टर्मिनीहून प्रादेशिक गाडीने दीड ते दोन तास, कासिनो स्टेशनपासून राष्ट्रकुल युद्धस्मशान चालत जाण्याइतकं जवळ. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या हिरव्या संगमरवरी खांबांवर कोरली आहेत, आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातला हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी तो जिवंतपणी मिळवला. घाडगे जिथे पडले त्या भागातल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं आहे. पण तिथे स्वतःच्या गाडीशिवाय पोचणं कठीण, ज्यांना गाडी चालवायची हौस आहे त्यांनी ती तिथे भागवावी.

कासिनोला जाताना डबा बरोबर घ्या, स्मशानाजवळ खाण्याचं काही नाही. नावं आडनावाच्या नव्हे, रेजिमेंटच्या क्रमाने आहेत, त्यामुळे आधी 'मराठा' शोधा आणि मग घाडगे. मोठ्या स्मशानांत पाहुण्यांसाठी नोंदवही असते, आपल्या लिपीत नाव-गाव लिहायला हरकत नाही. आणि परतीच्या तिकिटावर चढण्यापूर्वी शिक्का मारायचा.